‘पासंड’ ते ‘पाखंड’ : एका शब्दाची अर्थपरीक्षा

आमच्या पालि वर्गात दरवर्षी सम्राट अशोकाच्या गिरनार येथील शिलालेखांचे वाचन होते. काही वर्षांपूर्वी बारावा शिलालेख वाचावयास घेतला. लेखाच्या आरंभीच देवानंप्रिय प्रियदर्शी राजा सांगतो, की तो सर्व पासंडांचा, मग ते प्रव्रजित असोत वा गृहस्थ, दानाने आणि नाना प्रकारच्या पूजेने सत्कार करतो. एवढे वाचून होताच मागच्या बाकावरील एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने विचारले, “सर, म्हणजे राजा पाखंड्यांची पूजा करीत होता की काय?” वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, “येथे पासंड म्हणजे धर्म. राजा सर्व धर्मांचा आदर करीत होता, असा अर्थ घ्या आणि पुढे चला.”

बाई पुढे गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “पण सर, ह्याच लेखात खाली ‘धम्म’ शब्दही आहे. दोन्हींचा अर्थ एकच असता, तर राजाने दोन शब्द कशाला वापरले असते?”

प्रश्न बिनतोड होता आणि आमच्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. विद्यापीठात शिकताना आम्ही जे भाषांतर पाठ केले होते, तेच विद्यार्थ्यांच्या पदरात टाकून मोकळे झालो होतो. ज्या शब्दाने अशोकाने स्वतःचा पंथ सांगितला, तोच शब्द आज मराठीत शिवी म्हणून वापरला जातो, हे असे का घडले, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

शिलालेखांतील ‘पासंड’

प्रथम अशोकाचा स्वतःचा प्रयोग पाहू. पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांची नेमणूक सर्व पासंडांमध्ये केल्याचे सांगितले आहे. सातव्या लेखात राजाची इच्छा अशी, की सर्व पासंडांनी सर्वत्र वास करावा, कारण सर्वांना संयम आणि भावशुद्धी हवी असते. तेराव्या लेखात तो म्हणतो, की जेथील माणसांची कोणत्या ना कोणत्या पासंडावर श्रद्धा नाही, असा प्रदेश नाही. सातव्या स्तंभलेखात संघ, ब्राह्मण, आजीविक आणि निर्ग्रंथ यांचा क्रमाने उल्लेख करून मग इतर नाना पासंडांचा निर्देश येतो. अर्थात बौद्ध संघ, वैदिक ब्राह्मण, मक्खलि गोसालाचे अनुयायी आणि जैन हे सर्व अशोकाच्या शब्दकोशात एकाच पंक्तीला बसतात, आणि त्या पंक्तीचे नाव पासंड.

बारावा लेख तर सर्वस्वी याच विषयाला वाहिलेला आहे. राजाला या लेखाचे महत्त्व किती वाटत होते, याची कल्पना शाहबाजगढी येथे येते. तेथे बारावा लेख इतर लेखांच्या शिळेवर न कोरता एका स्वतंत्र शिळेवर कोरलेला आहे. महाराष्ट्रातील सोपारा येथे आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे मिळाले. बारावा तेथे मिळालेला नाही. मात्र आपल्याच भीमा नदीच्या काठी, कर्नाटकातील सन्नती येथे, १९८० च्या दशकाच्या अखेरीस जी शिळा उजेडात आली, तिच्यावर बारावा लेख आहे. पुढे देवीच्या मूर्तीची बैठक म्हणून ही शिळा वापरली गेली होती.

या लेखात दोन सामासिक शब्द जोडीने येतात. एक ‘आत्पपासंड’, म्हणजे आपला पासंड. दुसरा ‘परपासंड’, म्हणजे दुसऱ्याचा पासंड. आपल्या पासंडाची अस्थानी पूजा आणि दुसऱ्याच्या पासंडाची अस्थानी निंदा करू नये, असे राजा सांगतो. जो आपल्या पासंडाच्या भक्तीपोटी दुसऱ्याला हिणवतो, तो आपल्याच पासंडाचा अधिक घात करतो, असे त्याचे म्हणणे आहे. राजाला दान आणि पूजा यांहून मोलाची वाटते ती सर्व पासंडांची ‘सारवढी’, म्हणजे त्यांच्यातील साराची वृद्धी. आणि या सारवृद्धीचे मूळ तो एकाच शब्दात सांगतो : ‘वचिगुती’, म्हणजे वाणीचा संयम.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. अशोकाच्या लेखांत ‘पासंड’ अनेक आहेत, ‘धम्म’ मात्र एकच आहे. पासंड म्हणजे एका शास्त्याला वा एका आचाराला मानणारा समुदाय. तो आपला असतो किंवा दुसऱ्याचा असतो. धम्म कोणा एकाचा नसतो. दया, सत्य, शुचिता, संयम, आईवडिलांची सेवा, दासभृत्यांशी नीट वागणूक ही धम्माची अंगे राजा पुनःपुन्हा मोजून दाखवितो, आणि ती कोणत्याही पासंडात वाढू शकतात असे त्याचे मत आहे. म्हणून पासंडाचे भाषांतर ‘धर्म’ असे केले, की अशोकाने काळजीपूर्वक जपलेला भेदच पुसला जातो. ‘सर्वधर्मसमभाव’ हा आपल्या काळातील शब्द आहे. तो अशोकाच्या तोंडी घालणे बरोबर नव्हे.

राजाचे आचरणही या शब्दाला धरून होते. स्वतः बौद्ध उपासक असून त्याने गयेजवळील बराबरच्या टेकड्यांत लेणी खोदवून ती आजीविकांना दिली. अभिषेकानंतर बारा वर्षांनी दिलेल्या दानाचे लेख तेथे आजही आहेत. परपासंडाला दिलेले हे दान दगडात कोरले गेले. परंतु पुढे कोणीतरी त्याच परिसरातील काही लेखांतून ‘आजीविक’ हा शब्द छिन्नीने छिलून टाकण्याचा यत्न केला आहे. छिन्नी चालविणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याची वृत्ती मात्र ओळखीची आहे, आणि ‘पासंड’ शब्दाचा पुढील इतिहास हा त्याच वृत्तीचा इतिहास आहे.

अशोकानंतर हा शब्द लगेच बिघडला नाही. ओरिसातील उदयगिरीच्या हाथीगुंफेत कलिंगराज खारवेलाचा लेख आहे. राजा जैन, तरीही लेखात त्याच्या बिरुदांपैकी एक ‘सवपासंडपूजक’ असे दिले आहे. म्हणजे सर्व पासंडांचा आदर करणे हे राजाला भूषणावह वाटत होते.

व्युत्पत्तीचा विचार

हा शब्द मुळात आला कोठून? याबाबत विद्वानांत मतभेद आहेत. परंतु जे मत आम्हाला सर्वांत सयुक्तिक वाटते, ते वाचकांपुढे ठेवतो. या मतानुसार ‘पासंड’चे मूळ संस्कृत ‘पार्षद’ या शब्दात आहे. ‘पर्षद्’ किंवा ‘परिषद्’ म्हणजे भोवती बसलेली सभा. पालीत तिलाच ‘परिसा’ म्हणतात. जो त्या सभेचा, तो पार्षद. गुरूभोवती बसणारे, त्याचे ऐकणारे शिष्यमंडळ असा त्याचा सहज अर्थ होतो.

या मताला शिलालेखच साहाय्य करतात. वायव्येकडील शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील खरोष्ठी लेखांत हाच शब्द ‘प्रषंड’ असा येतो. त्या बोलीची एक लकब अशी, की शब्दातील रेफ मागे सरकून आधीच्या व्यंजनाला चिकटतो. ‘धर्म’चे तेथे ‘ध्रम’ होते आणि ‘प्रियदर्शी’चे ‘प्रियद्रशी’. त्याच न्यायाने ‘प्रषंड’ या रूपामागे ‘पार्षंड’ असे रूप असले पाहिजे. त्यातील रेफ गिरनारच्या ‘पासंड’मध्ये लोपला आहे. ‘ष’च्या सान्निध्याने ‘द’चा ‘ड’ होणे आणि प्राकृतात मध्येच अनुस्वार येणे, या दोन्ही गोष्टी अपरिचित नाहीत. संस्कृत ‘वक्र’चे ‘वंक’ आणि ‘अश्रु’चे ‘अंसु’ झाले, हे सर्वश्रुत आहे.

ही व्युत्पत्ती मान्य केली, तर एक मौजेची गोष्ट लक्षात येते. आज आपण ‘साहित्य परिषद’, ‘धम्म परिषद’ असे शब्द मोठ्या आदराने उच्चारतो आणि ‘पाखंड’ तुच्छतेने उच्चारतो. परंतु दोन्ही एकाच घरची लेकरे आहेत. वैष्णव पुराणांत विष्णूच्या सेवकांना ‘पार्षद’ म्हणतात आणि त्याच पुराणांत विष्णूला न मानणाऱ्यांना ‘पाषंड’ म्हणतात. एकाच शब्दाचे एक रूप वैकुंठात पोचले आणि दुसरे गावाबाहेर गेले.

‘पाषंड’ हे संस्कृत रूप मागाहून बनलेले दिसते. लोकभाषेतील ‘पासंड’ शब्द संस्कृतात घेताना ‘स’चा ‘ष’ करून त्याला संस्कृत वेष चढविला गेला.

कंदाहारचा ग्रीक अनुवाद

‘पासंड’चा अर्थ अशोककाळी काय समजला जात होता, याचा अत्यंत मोलाचा पुरावा परभाषेतून मिळतो. १९५८ साली अफगाणिस्तानातील कंदाहार येथे अशोकाचा ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांतील लेख सापडला. त्यानंतर १९६३ साली तेथेच चुनखडीच्या एका शिलाखंडावर दुसरा ग्रीक लेख मिळाला. त्यात बाराव्या शिलालेखाचा शेवटचा भाग आणि तेराव्याचा आरंभ आहे. अनुवादक कोण होता हे कळत नाही. पण तो ग्रीक तत्त्वज्ञानाची परिभाषा उत्तम जाणणारा होता, हे त्याच्या शब्दांवरून स्पष्ट होते.

‘पासंड’साठी त्याने ‘दियात्रिबी’ हा शब्द योजला. याचा मूळ धातू घासणे, झिजविणे या अर्थाचा आहे. त्यावरून काळ घालविणे, मग अभ्यासात काळ घालविणे, पुढे गुरूचे प्रवचन आणि अखेर तत्त्वज्ञांची शाळा वा संप्रदाय असा अर्थ विकसित झाला. गुरूभोवती जमून विचारविनिमयात काळ घालविणारी मंडळी, असे चित्र ग्रीक वाचकाच्या मनात उभे राहावे, असे अनुवादकाला वाटले असावे. वर सांगितलेल्या ‘पार्षद’ या व्युत्पत्तीशी हे चित्र किती जुळते, हे वाचकांनी पाहावे.

वाणीच्या संयमाचा अनुवाद तो असा करतो, की जो आपल्या जिभेवर ताबा ठेवतो, तोच खरा आत्मसंयमी. आणि स्वतःची स्तुती व दुसऱ्याची निंदा करू नये हे सांगताना ‘दुसऱ्याची’ या जागी त्याने जो शब्द घातला आहे, त्याचा अर्थ आहे ‘जवळच्यांची’, ‘शेजाऱ्यांची’. मागधीतील ‘पर’ ग्रीकमध्ये जाताना शेजारी झाला. अशोकाचा आशय यापेक्षा चांगला सांगता आला असता, असे आम्हाला वाटत नाही.

मात्र या ग्रीक शब्दाचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. ‘दियात्रिबी’ हा शब्द लॅटिनमार्गे फ्रेंच आणि इंग्रजी भाषांत गेला. इंग्रजीत ‘डायट्राइब’ म्हणून त्याचा अर्थ आरंभी प्रवचन, विवेचन असा होता. आज त्याचा अर्थ आहे कोणावर तरी केलेला कडवट, निंदाप्रचुर शाब्दिक हल्ला. ज्या लेखात जीभ आवरण्याचा उपदेश आहे, त्यातील मुख्य शब्द भारतात शिवी झाला आणि त्याचा ग्रीक अनुवाद युरोपात शिवीगाळीचे नाव झाला. भाषेच्या इतिहासात असे योग क्वचितच दिसतात.

‘आपला’ गळाला, ‘दुसऱ्याचा’ उरला

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा शब्द खाली कसा घसरला? साधारणतः असे सांगितले जाते, की ब्राह्मणी ग्रंथांनी श्रमणांना हिणविण्यासाठी तो बिघडविला. यात तथ्य आहे; पण हे पूर्ण सत्य नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

ब्राह्मणी परंपरेचा पुरावा प्रथम घेऊ. कौटिलीय अर्थशास्त्रात पाषंडांची वस्ती चांडालांबरोबर स्मशानाच्या कडेला सांगितली आहे. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने पाषंडी प्रवाशांना वर कळवूनच उतरवून घ्यावे, असाही नियम तेथे आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात (४.३०) पाषंडींचा नुसत्या शब्दानेसुद्धा सत्कार करू नये असे म्हटले आहे, आणि नवव्या अध्यायात (९.२२५) जुगारी इत्यादींबरोबर त्यांना नगरातून त्वरित घालवून द्यावे असे राजाला सांगितले आहे. अशोकाने सर्व पासंडांनी सर्वत्र राहावे असे म्हटले; मनूने त्यांना नगराबाहेर काढले. अशोकाने वाणीवर संयम ठेवण्यास सांगितले तो निंदेच्या बाबतीत; मनूने तो सांगितला आदराच्या बाबतीत.

विष्णुपुराणात याच विचाराची कथा झाली आहे. शतधनू नावाचा राजा उपवासाच्या दिवशी एका पाषंडीशी बोलला. तो पाषंडी राजाच्या धनुर्विद्येच्या गुरूचा मित्र होता, म्हणून केवळ सौजन्याने बोलला. राणी शैब्या मात्र बोलली नाही. तिने सूर्याकडे पाहिले. एवढ्या संभाषणाच्या दोषाने राजाला कुत्रा, कोल्हा, लांडगा, गिधाड, कावळा, मोर अशा योनींतून फिरावे लागले. गुरूच्या मित्राची विचारपूस करणे हा जेथे अपराध ठरतो, तेथे ‘समवाय’, म्हणजे एकत्र येऊन परस्परांचे ऐकणे, कसे शक्य व्हावे? आणि अशोकाने बाराव्या लेखात चांगला म्हटला आहे तो समवायच.

जैन परंपरेत हा शब्द दीर्घकाळ दोन्ही अर्थांनी नांदला. दशवैकालिकाच्या निर्युक्तीत ‘पासंड’ हा मुनीच्या पर्यायशब्दांत मोजला आहे. कुंदकुंदाचार्यांच्या समयसारात मुनीच्या बाह्य चिन्हांना ‘पासंडी’ची लिंगे म्हटले आहे, आणि त्यांच्यासमोर गृहस्थाची लिंगे ठेवली आहेत. तेथे शब्दात निंदा नाही. परंतु उपासकदशांगात श्रावकाच्या सम्यक्त्वाचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत ‘परपासंडपसंसा’ आणि ‘परपासंडसंथव’ हे दोन आहेत. पहिला दोष दुसऱ्याच्या पासंडाची प्रशंसा करण्याचा, दुसरा त्याच्याशी सलगी करण्याचा. शब्द अशोकाचाच, ‘परपासंड’. शिकवण मात्र नेमकी उलट.

आणि आपली पालि परंपरा? संयुत्तनिकायाच्या भिक्खुनीसंयुत्तात सीसुपचाला भिक्खुनीची कथा आहे. मार तिला विचारतो, की तू मुंडन केले आहेस, श्रमणीसारखी दिसतेस, तर तुला कोणाचा पासंड रुचतो? माराच्या प्रश्नात या शब्दाला काही काळिमा नाही. प्रत्येक श्रमणाचा कोणता ना कोणता पासंड असणारच, असे तो गृहीत धरतो. सीसुपचाला उत्तर देते, की मला कोणाचाच पासंड रुचत नाही. येथून बाहेरचे जे पासंड आहेत, ते दृष्टींमध्ये रमतात. तिचा रोख मतांना चिकटून राहण्याच्या वृत्तीवर आहे. परंतु अट्ठकथाकार येथे शब्दाची फोड करतात. ‘पास’ म्हणजे पाश, फासा. जे सत्त्वांच्या चित्तावर दृष्टीचा फासा टाकतात, ते पासंड. बुद्धाचे शासन तर पाशातून सोडविते. म्हणून त्याला पासंड म्हणत नाहीत, बाहेरच्यांनाच म्हणतात.

अशोक ज्या शब्दापुढे ‘आत्प’ लावून स्वतःच्या पंथाचा निर्देश करीत होता, तो शब्द स्वतःला लागू नाही, असे सांगण्याची गरज काही शतकांनंतर त्याच्याच पंथातील पंडितांना वाटली. अशोकावदान या संस्कृत बौद्ध ग्रंथात तर अशोकाने पुंड्रवर्धनातील आजीविकांची कत्तल करविल्याची कथा आहे. शिलालेखांत तिला कोठेही आधार नाही. बराबरची लेणी तिच्याविरुद्ध साक्ष देतात. तरीही ती कथा रचणारे आणि जपणारे बौद्धच होते, हे विसरता येत नाही.

ब्राह्मणी पंडितांनीही अशीच फोड केली. त्यांच्या मते ‘पा’ म्हणजे तिन्ही वेदांच्या धर्माने होणारे पालन, आणि त्याचे जे खंडन करतात ते ‘पाखंड’. या दोन्ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत. पहिली ‘स’काराचे प्राकृत रूप असेल तरच जुळते, दुसरी ‘ख’काराचे रूप असेल तरच, आणि ‘ख’ तर पुष्कळ नंतरचा. पण इतिहास म्हणून दोन्ही अमोल आहेत. परस्परांचे विरोधक असलेले दोन पक्ष एकाच शब्दात दुसऱ्याचा गुन्हा वाचत होते. ‘आत्पपासंड’ हा शब्द कोणीच जपला नाही; सर्वांनी ‘परपासंड’ तेवढा ठेवला, आणि मग त्यातील ‘पर’ लावण्याचीही गरज उरली नाही.

‘ष’चा ‘ख’ आणि पंथाचे ढोंग

आता मराठीतील ‘पाखंड’ या रूपाकडे वळू. उत्तर भारतात ‘ष’चा उच्चार ‘ख’ करण्याची जुनी पद्धत आहे. शुक्लयजुर्वेदी वैदिक आजही तसा उच्चार करतात. ‘भाषा’चे ‘भाखा’ आणि ‘वर्षा’चे ‘बरखा’ त्यामुळेच झाले. त्याच वाटेने ‘पाषंड’चे ‘पाखंड’ झाले. मराठीत पाषंड, पाखंड, पाखांड अशी सर्व रूपे आढळतात. बोलण्यात मात्र ‘ख’चीच सरशी झाली.

उच्चाराबरोबर अर्थही पुढे सरकला. वेदबाह्य मत या अर्थापासून ढोंग हा अर्थ कसा निघाला? याचा दुवा आम्हाला अमरकोशात दिसतो. तेथे पाषंड म्हणजे ‘सर्वलिंगी’, सर्व प्रकारची चिन्हे धारण करणारे, असा अर्थ दिला आहे. लिंग म्हणजे पंथाचे बाह्य चिन्ह : मुंडन, जटा, काषाय, दंड, कमंडलू. पंथ चिन्हावरून ओळखला जाऊ लागला. मग चिन्ह आहे पण आचार नाही, असे लोक दिसू लागले. आणि अखेर चिन्हाचे प्रदर्शन एवढाच अर्थ उरला. मराठी संतवाङ्मयात ‘पाखांड’ शब्द या दोन्ही छटांनी येतो : कोठे वेदबाह्य मत म्हणून, कोठे भोंदू साधूचे सोंग म्हणून. हिंदीत आणि गुजरातीत आज दुसरीच छटा प्रमुख आहे. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात स्वामी दयानंदांनी ‘पाखंड-खंडिनी पताका’ उभारली, ती रूढ पूजाविधी आणि मूर्तिपूजा यांच्याविरुद्ध. ज्या आचारांच्या रक्षणासाठी पुराणकारांनी हा शब्द शस्त्र म्हणून वापरला, त्याच आचारांवर तो उलटला. शिवीला कायमचा धनी नसतो.

बंगालीत गोष्ट आणखी पुढे गेली. चैतन्यचरित्रांत कीर्तनाची टवाळी करणारे ते ‘पाषंडी’. आजच्या बंगालीत ‘पाषंड’ म्हणजे निर्दय, काळीजशून्य माणूस. ‘पाषाण’ शब्दाशी असलेल्या नादसाम्याचाही त्यात हात असावा. तेथे पंथाचा संबंध पार सुटला.

याला एक सुंदर अपवाद तमिळमध्ये आहे. शिलप्पदिकारम् या महाकाव्यात पुहार नगरातील ‘पासंडचात्तन’ नावाच्या देवतेचे मंदिर येते. हा देव शहाण्णव पासंडांच्या शास्त्रांत पारंगत होता, असे टीकाकार सांगतात. पालि अट्ठकथांतही पासंडांची संख्या शहाण्णवच येते. उत्तरेत जो शब्द माणसाला नगराबाहेर काढण्यास पुरेसा होता, तो दक्षिणेत एका देवाचे नाव झाला, कारण त्याला सर्वांची मते ठाऊक होती. अशोकाने बाराव्या लेखात इच्छिलेला ‘बहुश्रुत’ तो हाच नव्हे काय?

इतरत्रही हेच

असा प्रकार केवळ भारतात घडला, असे समजण्याचे कारण नाही. ग्रीक भाषेत ‘हैरेसिस’ म्हणजे निवड. त्यावरून स्वतः निवडलेला मार्ग, तत्त्वज्ञानाची शाखा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस आपल्या समाजातील फरिसी, सदूकी, एसीन या पंथांना याच शब्दाने संबोधतो, आणि त्यात काही दूषण नाही. ख्रिस्ती चर्चच्या भाषेत मात्र त्याचीच ‘हेरेसी’ झाली आणि पुढे मध्ययुगात त्या आरोपाखाली माणसे जाळली गेली. स्वतः निवड करणे हाच अपराध ठरला.

पूर्वेकडे गेलो तर आरसा पुन्हा आपल्याकडे वळतो. पालीत अन्य मतांच्या लोकांना ‘तित्थिय’ म्हणतात. ‘तित्थ’ म्हणजे तीर्थ, नदीचा उतार. पलीकडे जाण्याची जागा. मूळ कल्पना उदात्त आहे. चिनी बौद्ध अनुवादकांनी या शब्दासाठी ‘वायदाव’, म्हणजे बाहेरचा मार्ग, असा शब्द केला. जपानीत तो ‘गेदो’ झाला. आजच्या जपानीत ‘गेदो’ ही नीच, दुष्ट माणसाला दिलेली शिवी आहे. गळ टाकून बसलेला मासेमार हव्या त्या माशाऐवजी भलताच मासा लागला, की त्यालाही ‘गेदो’ म्हणतो. ही शिवी बौद्ध ग्रंथांच्या अनुवादातून जन्मली आहे. म्हणून ‘शब्द त्यांनी बिघडविला’ असे म्हणताना आपण थोडे थांबले पाहिजे.

उपसंहार

या सर्व विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अभ्यासकांसाठी. अशोकाचे लेख वाचताना ‘पासंड’चे भाषांतर ना ‘धर्म’ करावे, ना ‘पाखंड’. ‘पंथ’ हा साधा मराठी शब्द त्याला पुरेसा आहे. त्याला ‘आपला’ आणि ‘दुसऱ्याचा’ ही दोन्ही विशेषणे सारख्याच सहजतेने लागतात. ‘धम्म’ हा शब्द धम्मासाठीच राखून ठेवावा.

दुसरी गोष्ट आपणां सर्वांसाठी. कोणत्याही समुदायाच्या नावाला शिवीचे रूप केव्हा येते, ते या एका शब्दाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. जोवर ते नाव आपण स्वतःलाही लावतो, तोवर ते नाव असते. स्वतःला लावणे सोडले, की ती शिवी होण्यास फार काळ लागत नाही. हा धोका ज्याला सर्वांआधी दिसला, त्याने ‘परपासंड’ लिहिताना शेजारीच ‘आत्पपासंड’ कोरून ठेवला. आज सभेत, वृत्तपत्रांत, क्वचित आपल्या विहारांतील चर्चांतही, मतभेद झाला की ‘पाखंडी’ हा शब्द सहज ओठांवर येतो. तो उच्चारण्यापूर्वी दोन हजार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली ‘वचिगुती’ आठवावी, एवढीच विनंती.

त्या विद्यार्थिनीने परीक्षेत बाराव्या लेखाचे भाषांतर करताना ‘पासंड’साठी कोणताच मराठी शब्द दिला नाही. तिने मूळ शब्द तसाच ठेवून कंसात लिहिले होते : ‘जशी आपली मंडळी, तशी त्यांची मंडळी.’ आम्ही तिला पूर्ण गुण दिले.